लॉगिनच्या गुंतवलेल्या स्क्रिप्टसाठी टेक्स्ट ब्राउझरने किती झुकायचं?

ओळीवाला: मला जवळजवळ काहीच दिसत नाही, सगळं काम टर्मिनलवर, एडब्राउझ आणि मजकूर बोलून दाखवणारा ईस्पीक. माहीत नसणाऱ्यांसाठी, एडब्राउझ म्हणजे जुन्या ईडी एडिटरसारखा ओळीओळीने चालणारा ब्राउझर, कार्ल डाल्के या दृष्टिहीन प्रोग्रामरने लिहिलेला. १९९२ च्या लिंक्स या टेक्स्ट ब्राउझरला जावास्क्रिप्ट येतच नाही, याला येते. तर माझ्या बँकेने (नाव नको) लॉगिनचं पान बदललं आणि आता पासवर्ड टाकून बटण दाबलं की ढिम्म. स्क्रिप्ट उतरवून ऐकली तर मुद्दाम वाचता येऊ नये अशी गुंतवलेली, व्हेरिएबलची नावं सगळी शून्य-एक्स छाप, स्ट्रिंगा एका यादीत कोंबलेल्या आणि ती यादीही आधी गरगर फिरवायची, ईस्पीक ते वाचताना रडकुंडीला येतो. तीन रविवार गेले. पण माझं मत असं की हे चालायलाच पाहिजे, शेवटी भाषा तीच ना, नावं कशीही ठेवा, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनाला काय फरक पडतो?

तर्कटमामा: तीन रविवार!! अहो फायरफॉक्स आणि ओर्का स्क्रीन रीडर लावा, पाच मिनिटांत बॅलन्स बघून मोकळे व्हा. हौस वेगळी आणि गरज वेगळी.

ओळीवाला: मामा, ओर्का आहे माझ्याकडे, गरज पडली की वापरतो. पण ज्याला दिसतं त्याने "हौस" म्हणणं सोपं आहे. इथे मी थेट बाविसाव्या ओळीवर जातो, तिकडे जाहिरातींमधून टॅब दाबत बसा.

तिसरी_पाळी: मी याच क्षेत्रात आहे म्हणून बोलतो. स्क्रिप्ट गुंतवतात ती तुम्हाला छळायला नाही. कुठून तरी फुटलेल्या पासवर्डच्या याद्या घेऊन बॉट दिवसरात्र लॉगिन ठोकत असतात, त्यांना थोडं महाग पडावं म्हणून. आणि खरं सांगू का, तुमचा ब्राउझर आमच्या बाजूने हुबेहूब बॉट दिसतो, बटणाची रुंदी शून्य, चित्र काढायचा कॅनव्हास नाही, माउस कधी हललाच नाही.

ओळीवाला: म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बॉटवाले हेडलेस क्रोमियम (खिडकी न उघडता चालणारा पूर्ण ब्राउझर) चालवतात, त्यांच्याकडे रुंदीपण आहे आणि कॅनव्हासपण, ते आरामात आत. अडकलो मी.

कंसातली_बाई: ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा की, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणून सांगितलंय.

तिसरी_पाळी: वाचलाय. तो खटला केवायसीत डोळे मिचकवायला लावण्यावरून होता आणि निकाल योग्यच आहे. पण त्यातून प्रत्येक ब्राउझरला चालवून द्या असं निघत नाही. स्क्रीन रीडरला पान वाचता यायला हवं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर.

कंसातली_बाई: बरं ते राहू दे. ओळीवाला, नक्की अडकतंय कुठे? एडब्राउझ कुठला आहे? डकटेप या जावास्क्रिप्ट इंजिनावर चालणारा जुना असेल तर त्यात फंक्शनवर टू-स्ट्रिंग केलं, म्हणजे त्याचा कोड मजकूर म्हणून मागितला, की मूळ मजकूर मिळतच नाही, "एकमास्क्रिप्ट कोड" एवढंच छापून येतं. जावास्क्रिप्टच्या २०१९ च्या मानकाप्रमाणे जसाच्या तसा मजकूर यायला हवा. आणि या गुंतवलेल्या स्क्रिप्टा बऱ्याचदा स्वतःचाच मजकूर तपासतात.

ओळीवाला: नाही, नवा आहे, क्विकजेएस इंजिनवाला. पण थांबा, मी ट्रेस (कुठवर पोचलं ते छापणाऱ्या ओळी) टाकायला म्हणून स्क्रिप्ट नीट ओळी पाडून मांडली होती...

कंसातली_बाई: झालं तर मग. स्वतःचं फंक्शन एका ओळीत आहे का हे ती बघते, नसेल तर मुद्दाम लूपमध्ये जाते. तुम्ही तिला विंचरलंत म्हणून ती रुसली :) ट्रेस काढा, मूळ फाइल द्या.

तर्कटमामा: किंवा फायरफॉक्समधून लॉगिन करून त्या लॉगिनची खूण ठेवणारी कुकी इकडे आणा. मी आपलं सुचवतोय.

ओळीवाला: मामा, दहा मिनिटांत सेशन मरतं त्यांचं, रोज दोनदा कुकी वाहणार का? बरं, मूळ फाइल दिली. लूप गेला!! यादी फिरून सरळ झाली, पासवर्डचं एन्क्रिप्शनसुद्धा झालं. आता कॅनव्हासपाशी आपटतंय, गेट-कॉन्टेक्स्टला काहीच परत येत नाही. तिथे खोटा ऑब्जेक्ट ठेवू का?

तिसरी_पाळी: खोटा ठेवलात की तुम्ही खरंच बॉटसारखं वागायला लागलात, आणि उद्या खातं लॉक झालं तर शाखेत जाऊन काय सांगणार?

ओळीवाला: काठी घेऊन जाईन. त्यांना दिसेलच.