लग्नाची यादी, शीट आणि "बघू, जमवतो": तुमचे अनुभव

मंजिरी_सातारकर

काल रात्री भाच्याने फॅमिली ग्रुपवर गूगल शीटची लिंक टाकली. डिसेंबरात लग्न आहे त्याचं. खाली मेसेज, "आत्या, तुझ्या सासरकडचे सगळे यात भर. येणार की नाही तेही विचारून लिही. आई फोन करकरून दमली."

उघडून बघते तर दादाचं अख्खं गणगोत तिथे. नाव, गाव, फोन, कोणाकडून, पत्रिका हातात की व्हॉट्सॲपवर, हळद, सीमांतपूजन, लग्न, मोठे, लहान, मुक्काम. मी बघत असतानाच कोणीतरी मिरजेच्या मामांच्या ओळीत 'बघू' पुसून 'नक्की' केलं. साडेअकरा वाजले होते रात्रीचे!

आणि मला आमच्या बाबांची लांबडी वही आठवली. त्यातली यादी ना आडनावाने होती ना नात्याने. ती होती पेठेने. यादोगोपाळ पेठ, मंगळवार, व्यंकटपुरा, चिमणपुरा, कारण बाबांची स्कूटर त्या क्रमाने जायची. अक्षत देऊन झाली की नावापुढे लाल पेन्सिलीची रेघ. येणार का, किती जण, असा रकानाच नव्हता. कोणाला "तुम्ही येणार ना, किती जण?" विचारलं असतं तर तो माणूस उठून गेला असता आणि पुढची वीस वर्षं आला नसता. आचाऱ्याने किती पानं विचारलं की बाबा डोळे मिटून आकडा सांगायचे आणि एखाद्या पंगतीच्या फरकाने तो बरोबर निघायचा.

आता मला सासरच्यांना फोन करून विचारायचंय. चुलत सासूबाईंना कसं विचारू? तुम्ही कोणी हे शीट प्रकरण केलंय का? लिहा. फजिती, भांडणं, युक्त्या, सगळं चालेल.

बेसनलाडू

केलंय. ड्रॉपडाऊन होतं: हो / नाही / बघू. अख्ख्या शीटमध्ये 'नाही' एकसुद्धा नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही ना.
शेवटी बायकोने भाषांतर करून ठेवलं. "बघू, जमवतो" म्हणजे नाही. "नक्की येणार" म्हणजे बघू. "घरचंच कार्य, विचारायचं काय त्यात" म्हणजे चार माणसं आदल्या दिवसापासून मुक्कामाला.

अनु७९

हहपुवा (हसून हसून पुरेवाट) 😂 बेसनलाडू, तुमच्या बायकोला साष्टांग.

रात्रपाळी

चुलतबहिणीच्या लग्नाचं सांगतो. 'माणसं' असा एकच रकाना आणि भरायला अठरा जण. कोणीतरी लिहिलं २-३. शीटने केली २ मार्च. शीटच्या पोटात तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस, त्यामुळे खाली बेरजेत एका फटक्यात पंचेचाळीस हजार पानं वाढली. काका चष्मा वर करून बघतात आणि म्हणतात, कार्यालय रद्द करा, रेसकोर्स बघा.

हे निदान दिसलं तरी. दिसलं नाही ते जास्त वाईट. कोणी '४ जण' लिहिलं, कोणी '4+1 लहान'. ते सगळं शीटला अक्षरं वाटतात, बेरजेत धरतच नाही, आणि सांगतही नाही. आकडा गुपचूप कमी. आदल्या आठवड्यात भावाने ओळी हाताने मोजल्या तेव्हा कळलं.

उपाय: मोठे आणि लहान वेगळे रकाने, आणि डेटा व्हॅलिडेशन लावून ० ते १५ मधलाच आकडा घ्यायचा, बाकी नाकारायचं. एका घरातून पंधराच्या वर येत असतील तर फोन करा, शीट नको.

मंजिरी_सातारकर

रात्रपाळी, आत्ता भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर "आत्या तू कधीपासून डेटा व्हॅलिडेशन" 😄

कुडाळकर

आमचं लग्न कुडाळात आणि पाहुणे सगळे दादर-ठाणे-डोंबिवली. 'येणार का' वगैरे रकाना ठेवलाच नाही. एकच रकाना, 'तिकीट काढलं का'. ज्याचं तुतारी एक्सप्रेसचं कन्फर्म त्याला एक खोली. बाकीच्यांना शुभेच्छा. पूर्वी बरं होतं, १२० दिवस आधी बुकिंग उघडायचं त्यामुळे चार महिने आधी खरा आकडा कळायचा. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आणलंय, आता लोक दोन महिन्यांपर्यंत "बघू" म्हणायला मोकळे.
मे महिन्यातलं लग्न असेल तर हिशेब वेगळा. जे येणार नव्हते तेही आले. लग्नाला नाही हो, आंब्यांना. जाताना पेट्या बांधून द्या म्हणून एकाने शीटमध्येच कमेंट टाकली होती, 'दोन डझन, कच्चे चालतील'.

बेसनलाडू

कुडाळकर, पेटी मिळाली का पण त्यांना?

कुडाळकर

मिळाली. पैसे अजून यायचेत.

वाटसरू_माण

आमच्याकडं गावात असलं काय चालत न्हाई असं म्हणत होतो पण धाकट्यानं केलं. तो पुण्यात कंपनीत हाय. त्यानं रकानं केलं 'मोठे, लहान'. आमच्या तात्यांनी बघितलं आन म्हणालं, ह्यो काय हिशोब झाला व्हय? आमंत्रण तीन जातीचं असतंय. चूलबंद म्हंजे अख्खं घर, घरटी एक म्हंजे घरातलं एक माणूस, न्हाईतर नुसती नवराबायकोची जोडी. मग धाकट्यानं ड्रॉपडाऊन केलं तसं. भावकीला चूलबंद, बाकी गावाला घरटी एक, तालुक्याच्या लोकांना जोडी.
चूलबंद म्हणलं की त्या घरात किती माणसं हे तात्यांना तोंडपाठ. पुण्याला गेलेली वजा करून, बाळंतपणाला आलेली लेक धरून. धाकटा फोन लावून विचारायचा, किती जण येणार, तिकडनं उत्तर, "तात्याला ठावं हाय की".
शेवटी आचाऱ्यानं आकडा तात्यांचाच धरला. शीट नंतर कामाला आली. कोणाची भांडी, कोणाच्या सतरंज्या परत द्यायच्या त्याच्यासाठी.

सौ_विहीणबाई

मुलीच्या लग्नात दोन्हीकडची एकच शीट करायची सूचना जावयाची. दोन टॅब, आमचा आबोली, त्यांचा निळा. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता त्यामुळे माणसंही निम्मी-निम्मी. सकाळी उठून आधी त्यांचा टॅब बघायचा, रात्रीतून किती वाढले! आमच्या ह्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं त्या दिवसांत.

पण खरं रामायण वेगळंच. माझ्या नणंदेने आमच्या टॅबमध्ये एक रकाना घातला, 'त्यांच्याकडून पूर्वी काय आलं होतं'. म्हणजे कोणी स्टीलचा डबा, कोणी एकशे एक, कोणी "नुसत्या अक्षता". आहेराची तयारी सोपी जावी म्हणून, हेतू वाईट नव्हता. मी बघितल्याबरोबर म्हटलं काढ. ती म्हणे लपवलाय, दिसत नाही कोणाला. लपवलेला रकाना उघडायला एक टिचकी पुरते. व्याह्यांच्या पुतण्याने सहज उघडला, आणि नेमकं त्यांच्या-आमच्या ओळखीतल्याच एका घरापुढे "नुसत्या अक्षता" लिहिलेलं! मंजिरीताई, जे दुसऱ्याने बघू नये असं वाटतं ते त्या फाइलमध्ये घालूच नका. वेगळी फाइल, ती फक्त तुमच्याकडे.

आता येते, कुकर झाला.

अनु७९

सौ_विहीणबाई, मग व्याही काय म्हणाले ते लिहा की! मध्येच कुकर!!

फॉर्म्युलाबाई

वरच्या सगळ्यांना +१. नोकरीच शीटमध्ये आहे त्यामुळे आमच्या घरात मीच "ते कॉम्प्युटरचं" बघते. पटापट लिहिते, मीटिंग सुरू होतेय.

सर्वांना एडिट देऊ नका. दोन्ही घरचे मिळून चार-पाच जण पुरे, बाकीच्यांना फक्त बघायला. आणि 'लिंक असलेला कोणीही' हे बंद ठेवा, त्यात सगळ्यांचे फोन नंबर आहेत. लिंक ग्रुपवरून ग्रुपवर कुठवर जाते सांगता येत नाही.

फोन नंबर +९१ पासून लिहिला की शीट त्याला सूत्र समजते. रकाना आधीच प्लेन टेक्स्ट करून ठेवा.

कोणीतरी एकच रकाना निवडून अकारविल्हे लावणार. हमखास. मग नावं सरकतात, पुढचे आकडे जागेवर, आणि साताऱ्याच्या मावशीपुढे इंदूरच्या सहा जणांचा मुक्काम. घाबरू नका, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे, कालची रात्रीची प्रत परत आणता येते. शिवाय कोणी काय बदललं तेही दिसतं, म्हणजे "मी नाही केलं" बंद.

नुसता फिल्टर लावला तर तो सगळ्यांनाच लागतो. आमच्या मामींना वाटलं त्यांचं माहेर कोणीतरी यादीतून उडवलं, दोन दिवस बोलल्या नाहीत. फिल्टर व्ह्यू वापरा, तो फक्त लावणाऱ्यालाच लागतो.

मंजिरी_सातारकर

मामींचं माहेर 😂😂 हे सेव्ह करून ठेवलंय.

देवयानी_एनजे

इथे जर्सीत उलटं. इथले अमेरिकन पाहुणे उत्तर द्यायचं म्हणजे तारखेच्या आत देतात, जेवण कोणतं तेही लिहितात. आपले मराठी काका-काकू फॉर्म भरत नाहीत, आणि थेट येतात, सोबत "भारतातून आलेत हे, घरी एकटे कसे ठेवणार" म्हणून दोघं. हॉलवाल्याला आकडा दोन आठवडे आधी द्यायचा, खुर्चीवर नाव. आईने शेवटी फॉर्म बाजूला ठेवला आणि शनिवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहिली फोन घेऊन. सगळे तिथेच सापडतात. एका सकाळी निम्मी शीट भरली.

अनु७९

माझं सांगू का, एप्रिल २०२१, कोरोनातलं. आमच्या शीटमध्ये तेव्हा तीनेकशे नावं होती. मग नवा नियम आला, लग्नाला २५ माणसं आणि दोन तासांत सगळं आटपायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. 'प्राधान्य' म्हणून रकाना केला आणि भाऊ-बहिणी-आजी असे नंबर द्यायला बसलो. त्या रात्री आमच्या घरात जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. सख्खी मावशी की आत्या, ठरवा! शेवटी बाबा म्हणाले, नवरानवरी, आईबाप आणि आज्या, बाकी सगळ्यांना व्हिडिओची लिंक. एकालाच बोलावून दुसऱ्याला वगळलं असं नको. एकोणीस जण होतो, गुरुजी धरून. आत्या अजून म्हणते, सहा जागा तर रिकाम्या होत्या.

सौम्या_के

वाचतेय सगळं, मजा येतेय. माझं जरा वेगळं. ताईचं लग्न पत्रिका वाटून झाल्यावर मोडलं. कारण सोडा. आई-बाबा फोन उचलायच्या अवस्थेत नव्हते. मी आणि मामेभावाने तीच शीट उघडली, 'येणार का' रकान्याचं नाव बदलून 'कळवलं' केलं आणि वाटून घेतलं, अ ते न तो, प ते ज्ञ मी. प्रत्येकाला तेच दोन वाक्यं बोलायची ठरवली होती, कारण विचारलं तर "नंतर बोलू". एका दुपारी सगळं झालं. ती यादी नसती तर कोणीतरी नक्की आहेर घेऊन कार्यालयाच्या दारात उभं राहिलं असतं.
ताई आता छान आहे. नाशकात असते.

सौ_विहीणबाई

सौम्या, शहाणी गं बाई तू. त्या वयात हे सुचणं. ताईला माझे आशीर्वाद सांग.

वाटसरू_माण

ताई, मोडायचं ते आधी मोडलेलं बरं.

रात्रपाळी

दोघा भावंडांना सलाम. मला तर कार्यालयवाल्याला ॲडव्हान्स परत मागायलाही जीभ रेटत नाही.

सौम्या_के

@रात्रपाळी ॲडव्हान्स नाहीच मिळाला 🙂

बेसनलाडू

विषयांतर: साताऱ्यात चांगला मठ्ठा करणारा केटरर कोणाला माहीत आहे का? बहिणीसाठी. हल्ली मठ्ठ्याच्या नावाखाली जिऱ्याचं पाणी देतात.

कुडाळकर

मठ्ठा कशाला, सोलकढी द्या.

बेसनलाडू

जिलबीबरोबर सोलकढी?? कुडाळकर, तुम्हाला शीटमध्ये 'नाही' टाकतोय.

मंजिरी_सातारकर

@बेसनलाडू व्यनि (खासगी निरोप) केलाय, दादाने जो ठरवलाय त्याचा नंबर. मठ्ठा आम्ही चाखून आलोय, आलं-मिरची-कोथिंबीर नीट वाटून घातलेली असते.

चुलत सासूबाईंना फोन केला आज. "किती जण" विचारायची हिंमत झाली नाही, "खोल्या किती ठेवू" असं विचारलं. लगेच सांगितलं, दोन, आणि खालच्या मजल्यावरची एक, गुडघे दुखतात. सहा मोठे लिहून टाकले.

फॉर्म्युलाबाई

हे भारी! खोल्या विचारल्या की माणसं आपोआप कळतात. रागही नाही.
मीटिंगमधूनच लिहितेय, एक राहिलं. पाहुण्यांची बेरीज झाली की त्यावर जेवणारी बाकीची माणसं धरा. फोटोग्राफर आणि त्याची पोरं, सनईवाले, मेकअपवाली, बसचे ड्रायव्हर. त्यांचा वेगळा टॅब करा, नाहीतर तेवढी पानं केटररकडे ऐनवेळी वाढवायला लागतात.

मंजिरी_सातारकर

भाच्याच्या शीटमध्ये यातलं काहीच नाही. गुरुजी किती धरायचे?

वाटसरू_माण

गुरुजी एक, संगं एक. आन बँडवालं धरलं का? त्यांना जेवल्याबिगर वरातीत जोर येत न्हाई.

मंजिरी_सातारकर

बँड नाहीये हो, मुलगी म्हणते ढोल-ताशा पथक.

रात्रपाळी

पथक? मग ० ते १५ चं बंधन काढा त्या ओळीवरून.