मुलगी चेस चांगलं खेळते, मुलींच्या गटात खेळवू की ओपनला?

बांदेकरीण:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सावंतवाडी कुडाळकडच्या स्पर्धांत मुलींच्या गटात पहिली नाहीतर दुसरी ठरलेलीच. कप ठेवायला शोकेस पुरत नाही पण खेळ काही वाढताना दिसत नाही, समोरची मुलगी दहाव्या चालीला वजीर देऊन बसते मग हिला विचार करायची वेळच येत नाही. सर म्हणतात ओपनला, मुलांबरोबर, घाला. सासरे म्हणतात बक्षीस मिळतंय ते कशाला सोडता, ती नागपूरची दिव्या देशमुख मुलींमध्येच जिंकून ग्रँडमास्टर झाली ना? एकदा ओपनला घातली तर रडत घरी आली. मोठ्या खेळाडू लहानपणी कुठे खेळल्या, कोणाला माहितीये का?

चिपळूणचं प्यादं:
ताई, ओपनच. कोनेरू हम्पीचंच बघा, दहा, बारा आणि चौदा वर्षांखालच्या मुलींच्या जागतिक स्पर्धा तिने जिंकल्याच, पण मध्ये 1999 ला अहमदाबादला आशियाई स्पर्धेत 12 वर्षांखालच्या गटात मुलांबरोबर खेळून पहिली आली. 2002 ला पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, तेव्हा एवढ्या लहान वयात कोणतीच मुलगी झाली नव्हती, आधीचा रेकॉर्ड हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारचा होता. आणि ज्युडिट तर महिलांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला कधी उतरलीच नाही, पुरुषांशी खेळून खेळून 2735 रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) आणि जगात आठवा नंबर! आणि एक सांगतो, ओपन म्हणजे मुलांचा गट नव्हेच, तो सगळ्यांचा, आपल्याकडे आयोजकच कधी कधी बोर्डावर 'मुले' लिहून मोकळे होतात.

घोडा अडीच घरं:
पोल्गारचं उदाहरण प्रत्येक जण देतो राव, तिच्या घरी वडिलांनी तिन्ही मुलींना शाळेत न घालता चेस शिकवलं, ते बांद्यात जमणारे का? सासऱ्यांचंही अगदी चूक नाही. दिव्या 2025 ला बातुमीच्या महिला वर्ल्ड कपला गेली तेव्हा तिच्याकडे जीएमचा, म्हणजे ग्रँडमास्टरचा, एकही नॉर्म (टायटलसाठी स्पर्धेत करावी लागणारी ठराविक कामगिरी) नव्हता, जू जिनर, हरिका, तान झोंगयी अशा एकेकीला काढत फायनलला हम्पीसमोर आली, दोन्ही क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव ड्रॉ, मग रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) जिंकली आणि जीएमचं टायटल थेट हातात. वय 19. वर 50,000 डॉलर. महिलांच्या स्पर्धा नसत्या तर हे झालं असतं? हम्पीसुद्धा मुलगी झाल्यावर ब्रेक घेऊन परत आली आणि 2019 ला नि 2024 ला वर्ल्ड रॅपिड जिंकली, ते महिलांच्याच गटात. (हम्पी हरली त्या दिवशी मला वाईटच वाटलं, ते जाऊ दे.)

चिपळूणचं प्यादं:
अरे पण दिव्या तिथपर्यंत पोचली ती ओपन खेळूनच ना? कप कुठे मिळाला ते सांगतोयस, खेळ कुठे वाढला ते सांग.

मडगाव लोकल:
चेडवाक आधी खेळूक दी, मगे बघू गट-बिट! 😄 मस्करी सोडा. ताई, दोन्ही खेळवा पण तिला रेटिंग आहे का ते आधी सांगा. पहिलं फिडेचं (जागतिक चेस संघटनेचं) रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी निदान पाच गेम व्हावे लागतात आणि आपल्याकडच्या मुलींच्या गटात रेटेड असतात किती? कप शंभर आणले तरी रेटिंगचा पत्ता नाही. म्हणजे रेटेड ओपनला जायलाच लागणार. रेटिंग आलं की मुलांचा के फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते) 40, पडतं भसकन पण चढतंही तसंच, त्याला घाबरू नका. गोव्यात स्पर्धा होत असतात, तुम्हाला बांद्याहून जवळच. आमच्या गोव्याची भक्ती कुलकर्णी 2022 च्या चेस ऑलिंपियाडला (देशांच्या टीमची स्पर्धा) ब्राँझ जिंकणाऱ्या भारताच्या महिला टीममध्ये होती हे इकडे पण फार जणांना माहीत नसतं.

बांदेकरीण:
रेटिंग नाहीये अजून. सर एवढं सगळं बोललेच नव्हते. मुलींची जिल्हा स्पर्धा सोडत नाही, सासऱ्यांशी कोण भांडणार, पण दिवाळीच्या सुट्टीत गोव्यात रेटेड ओपन असेल तर नक्की घालते. तिला विचारलं तर म्हणते हरले तर तू ओरडायचं नाहीस.

मडगाव लोकल:
ओरडू नकाच 😄 क्लासिकल असेल तर एकेक डाव चार तास जाऊ शकतो, त्यामुळे चाली लिहायची सवय आत्तापासून लावा. हरलेल्या डावाचा कागद सरांना दाखवायचा, तोच जास्त कामाचा. आणि डबा घरून घ्या, हॉलबाहेर वडापाव सोडून काय मिळत नाही.