हिवाळ्यातली खरेदी : तुमच्या टीमने पैसा ओतला (किंवा नाही ओतला) तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

ओकट्री (एडिसन, न्यू जर्सी)

डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात मेट्सचे, म्हणजे आमच्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचे, दोन खेळाडू लागोपाठ टीम सोडून गेले. आधी पिचर एडविन डिआझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, तीन वर्षं ६९ मिलियन डॉलर, आणि त्याच्या पाठोपाठ पीट अलोन्सो बाल्टीमोरला, पाच वर्षं १५५ मिलियन. मी मीटिंगमध्ये होतो, टेबलाखाली फोन धरून वाचलं आणि नंतर कोण काय बोललं ते काही डोक्यात शिरलं नाही. घरी आलो तर लेक (वय ११) आधीच तोंड पाडून बसलेली, शाळेत पोरांनी सांगितलं होतं. तिच्याकडे अलोन्सोची २० नंबरची जर्सी आहे, वाढत्या मापाची घेतली होती म्हणून अजून बसते, धुऊन धुऊन पाठीवरच्या नावातलं पहिलं अक्षर सुटलं होतं ते तिने आजोबांनी भारतातून आणलेल्या फेविकॉलने चिकटवलंय.

तिने मला एकच विचारलं, बाबा आपल्याकडे पैसे कमी होते का? आणि मला उत्तरच देता येईना.

कारण पैसे कमी नव्हतेच. स्टीव्ह कोहेनने २०२० मध्ये जवळपास २.४ बिलियनला ही टीम घेतली, डिसेंबर २०२४ मध्ये याच मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६५ मिलियन दिले, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. मग आपल्याच अंगणात वाढलेल्या, २६४ होमर (आपल्या सिक्सरसारखे, बॉल थेट कुंपणापार) मारून टीमचा रेकॉर्ड करणाऱ्या पोराला पाच वर्षं द्यायला हात का आखडतो? कारणं मला माहितीयेत हो, ३१ वर्षांचा झाला, फर्स्ट बेसवर फिल्डिंग ढिली, पुढची वर्षं उतरणीची. पण २०२४ च्या ऑक्टोबरात मिलवॉकीला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही ०-२ ने मागे असताना त्याने तो तीन रनांचा होमर मारला तेव्हा आमच्या घरात खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले होते काय झालं बघायला. आणि ज्याच्या बॉलवर मारला तो डेव्हिन विल्यम्स आता आमच्याकडे आलाय, तीन वर्षं ५१ मिलियन घेऊन!

नवीन वाचणाऱ्यांसाठी, इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. सहा सीझन भरले की करार संपल्यावर खेळाडू मोकळा, त्याला फ्री एजंट म्हणतात, जो जास्त देईल आणि जे गाव आवडेल तिकडे तो जातो. पर्सची मर्यादा नाही, ठरलेल्या रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरा एवढंच. त्या टॅक्सची सगळ्यात वरची पायरी २०२२ मध्ये आली तिला लोक कोहेन टॅक्सच म्हणतात.

तर लिहा. मेट्सचंच पाहिजे असं नाही, पण तुमच्या स्वतःच्या घरातलं, मनातलं लिहा, आकडे सगळ्यांना नेटवर मिळतात.

सातनंबरची_गाडी (क्वीन्स)

ओकट्री, रागावू नका पण मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि मनापासून आहे.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार, सीझनचा शेवटचा दिवस. नवरात्र चालू होतं म्हणून बायको-मुलांना घेऊन फ्लशिंगच्या गणपती मंदिरात गेलो होतो, दर्शन झाल्यावर खाली कॅन्टीनमध्ये डोसा. स्टेडियम तिथून किती लांब, पण मॅच मायामीला होती. फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवला होता. जिंकलो असतो तर प्लेऑफमध्ये होतो, कारण सिनसिनाटी त्याच दिवशी हरली. आणि आपण मार्लिन्सकडून ४-० हरलो. एक रन नाही काढता आली. सीझनभरात ८३ जिंकल्या ७९ हरल्या, सिनसिनाटीचेही तेवढेच, टायब्रेकरवर ते आत आणि आपण बाहेर. माझा डोसा गार होऊन त्याचं चामडं झालं तरी मी तसाच बसून, शेजारच्या टेबलावरचे एक तमिळ आजोबा मेट्सची टोपी घातलेले, त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

१२ जूनला हीच टीम ४५-२४ होती, अख्ख्या लीगमध्ये एक नंबर! त्याच दिवशी आपला पिचर सेंगाचा पाय दुखावला, तिथून पुढे ३८-५५. तीनशे मिलियनच्या वरचा पगार असलेली टीम. आता मला सांगा, तीच माणसं परत आणून तुम्हाला वेगळं काय मिळणार होतं? टीम बांधायचं काम बघणारा डेव्हिड स्टर्न्स मॅनहॅटनमध्ये मेट्सचा फॅन म्हणून वाढलाय, त्याला काय अलोन्सो आवडत नसेल का? पण रन वाचवायच्या असतील तर फिल्डर लागतात, त्याने ते करायचं धाडस केलं. सोटोवर खर्च केला तो वाया गेला असं कुणी म्हणू नका, ४३ होमर आणि ३८ स्टील (पळून चोरलेले बेस), पहिल्याच वर्षी. घोडं अडलं ते पिचिंगवर. म्हणून फ्रेडी पेराल्टाला मिलवॉकीकडून आणला तेव्हा मला सोटोच्या वेळेपेक्षा जास्त आनंद झाला.

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)

मला टॅक्स बिक्स कळत नाही पण आमच्या घरातली गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई सांगलीहून सहा महिने आल्या होत्या. संध्याकाळी नवरा मॅच लावायचा, त्यांना काही कळायचं नाही, त्या आपल्या शेंगा सोलत बसायच्या. पण ब्रँडन निमो आला की हात थांबायचे. पिचरने चार बॉल खराब टाकले की बॅटरला आयता फर्स्ट बेस मिळतो, बाकीचे सगळे बॅट टाकून रमतगमत जातात आणि हा मात्र जिवाच्या आकांताने पळत सुटायचा. सासूबाईंनी विचारलं, ह्याच्या मागं कोण लागलंय का गं? मी सांगितलं, नाही, तो तसाच पळतो नेहमी. त्या म्हणाल्या, फुकट मिळालेलं बी पळत जाऊन घेतो, गुणी हाय पोरगं. त्यानंतर रोज, पळणारा आला का गं, म्हणून विचारणं.

नोव्हेंबरमध्ये मेट्सने त्याला टेक्सासला दिलं, बदल्यात मार्कस सिमियन आला. फोनवर मी चुकून बोलून गेले. त्या म्हणाल्या, बदली झाली होय? त्याला विचारलं का पण? म्हटलं हो, त्याच्या करारात होतं की त्याला विचारल्याशिवाय पाठवता येत नाही, तो हो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, अठराव्या वर्षापासनं एका घरात ऱ्हायलेला, सामान आवरताना बायकोला जड गेलं असंल.

२०११ पासून तो ह्याच टीममध्ये होता. सिमियन उत्तम फिल्डर आहे असं नवरा समजावतोय, असेलच. मला त्याच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. पण आमच्या घरात ज्याच्यामुळे बेसबॉल आलं तो माणूस गेला.

शेअवाला_९८

मी १९९८ ला आलो, त्याच वर्षी माइक पियाझा आला, जुनं शेअ स्टेडियम होतं तेव्हा. तरुण मंडळींना एक सांगतो, पैसा नसतो तेव्हा काय होतं ते तुम्ही बघितलेलं नाही. बर्नी मॅडॉफचा गुंतवणुकीचा घोटाळा डिसेंबर २००८ मध्ये फुटला, तेव्हाच्या मालकांचे पैसे त्यात होते, पुढची काही वर्षं न्यूयॉर्कसारख्या शहरातली टीम हात बांधून बसली. २०११ मध्ये आमचा होजे रेयेस नॅशनल लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला, म्हणजे सगळ्यात जास्त सरासरी. शेवटच्या मॅचला मी होतो, पहिल्याच इनिंगला बंट मारून (बॉल हळूच टेकवून) बेसवर पोचला आणि लगेच मैदानातून बाहेर गेला, सरासरी टिकावी म्हणून. लोक ओरडत होते पण मला गलबलून आलं कारण आम्हा सगळ्यांना माहिती होतं की ह्याला ठेवायला पैसे नाहीत. डिसेंबरात तो मायामीला गेला, सहा वर्षं १०६ मिलियन.

आणि आमचा जुना खेळाडू बॉबी बोनिया? २००० साली त्याचे ५.९ मिलियन देणं होतं, ते टाळून आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले, आता २०११ ते २०३५ दर १ जुलैला त्याला जवळजवळ १.१९ मिलियन जातात. लोक त्या दिवशी हसतात. मला नाही हसू येत, ती आमच्या उधारीची पावती आहे.

तेव्हा माझं मत खर्च करणाऱ्याच्या बाजूने. फक्त कुणावर ते बघा. शर्झर आणि व्हर्लँडर हे पिचर, दोघांनाही वर्षाला ४३.३ मिलियन, दोघांचं वय चाळिशीला टेकलेलं, २०२३ ला ७५-८७ आणि जुलै-ऑगस्टात दोघंही विकले. त्यापेक्षा सव्वीस वर्षांच्या सोटोला १५ वर्षं दिलेली मला पटतात. आणि आता नवीन आणलेल्या बो बिशेटला तीन वर्षं १२६, तेही पटतं, छोटा करार, चुकलं तर लवकर सुटका. अलोन्सोचं दुःख मलाही आहे, पण रेयेसइतकं नाही. रेयेस गेला तेव्हा इलाज नव्हता, ह्या वेळी निदान निर्णय होता.

ओकट्री

शेअवाला काका, उलट मला त्याचंच जास्त लागतं. इलाज नव्हता म्हटलं की माणूस सोडून देतो.

तीन_नद्या (पिट्सबर्ग)

तुमचं वाचून पोटात कालवलं खरंच. तुम्ही ७६५ बरोबर की चूक ह्यावर भांडताय, आमच्या पायरेट्सचा २०२३ मध्ये इतिहासातला सगळ्यात मोठा ठरलेला करार ब्रायन रेनल्ड्सचा, आठ वर्षांचे १०६.७५ मिलियन, आणि तो पण आधीच आमच्याकडे खेळणाऱ्याला दिलेला.

पिचर पॉल स्कीन्स आमच्याकडे आहे. २०२५ ला त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रन) १.९७, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने. आणि त्याचा जिंकलेल्या-हरलेल्यांचा हिशोब १०-१०! माणूस सात-सात इनिंग एक रन देतो आणि आमची बॅटिंग तेवढी एक रन काढत नाही. मी नवऱ्याबरोबर त्याच्या चार मॅचेस बघितल्या मागच्या वर्षी, पुलावरून चालत जातो आम्ही, पीएनसी पार्क स्टेडियममधून नदीपलीकडचं शहर काय सुंदर दिसतं ते आल्याशिवाय कळणार नाही. सगळं आहे. पण टीम विका असं लोक एकसुरात ओरडायला लागले की मी पण ओरडते, आणि घरी जाताना वाटतं आपण मालकावर ओरडायला तिकीट काढतो का.

स्कीन्सचा करार संपेल तेव्हा तो तुमच्याकडे नाहीतर डॉजर्सकडे जाणार हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मी त्याच्या नावाचा टी-शर्ट अजून घेतला नाही.

निळीटोपी (अर्व्हाइन, कॅलिफोर्निया)

डॉजर्सवाला आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. ओहतानी ७०० मिलियन, त्यातले ६८० नंतर द्यायचे, यामामोतो १२ वर्षं ३२५, आता डिआझ, मग काइल टकर चार वर्षं २४०. सगळं मान्य. पण १ नोव्हेंबर २०२५ ला टोरंटोमध्ये फायनलच्या सातव्या, शेवटच्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये आम्ही हरत होतो तेव्हा बरोबरीचा होमर कुणी मारला? मिगेल रोहासने. ३६ वर्षांचा फिल्डिंगसाठी ठेवलेला माणूस, आमच्या पगाराच्या यादीत शोधावा लागतो. मी सोफ्यावरून उठलो तो अकराव्या इनिंगपर्यंत बसलो नाही. त्यामुळे पैशाने कप विकत घेतला म्हणतात ते मला लागतं. पैशाने तुम्ही त्या नवव्या इनिंगपर्यंत पोचता. पुढचं वेगळं.

पहाटपाळी (पुणे)

मी तीन वर्षं न्यूयॉर्कला होतो, आता कोथरूडला परत, पण सवय सुटली नाही. तिकडे संध्याकाळी ७.१० ची मॅच म्हणजे उन्हाळ्यात इथे पहाटे ४.४० ला, दूधवाला येईपर्यंत पाच इनिंग होतात.

इथल्या मित्रांना अलोन्सोचं सांगायला गेलो तर कुणाला कळेना, मग म्हटलं मुंबई इंडियन्सने रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलं तेव्हा वानखेडेवर काय झालं आठवतं का? लगेच कळलं. तेव्हा वानखेडेवर हार्दिकला हूटिंग झालं, मी तिथे होतो, मी केलं नाही पण थांबवलं पण नाही. सीझनला आपण शेवटून पहिले. त्याच हार्दिकला दोन-तीन महिन्यांनी वर्ल्ड कप जिंकून आल्यावर त्याच गर्दीने डोक्यावर घेतलं. म्हणून बिशेटला आणि विल्यम्सला पहिल्या महिन्यात हूट करू नका एवढंच मागणं आहे. त्यांनी अलोन्सोला घालवलेलं नाही.

कॅम्डनकाठ (मेरीलँड)

ओकट्रीदादा, तुमचा अलोन्सो आमच्याकडे आलाय, काळजी घेऊ.

पण तुमच्या टीमला कसली भीती वाटली ते आम्हाला विचारा. जानेवारी २०१६ मध्ये आमच्या मालकांनी फर्स्ट बेसवाल्या ख्रिस डेव्हिसला सात वर्षं १६१ मिलियन दिले, होमर मारणारा, सगळ्यांचा लाडका. २०१८ च्या शेवटापासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ अॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) त्याला एकही हिट मिळाली नाही. मी त्यातल्या एका मॅचला होतो. चौथ्यांदा आऊट होऊन तो डगआऊटकडे येताना लोकांनी हूट करायचं सोडून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, धीर द्यायला, आणि त्याची मान अजूनच खाली गेली. ते मी विसरणार नाही. त्याचे ढकललेले पैसे २०३७ पर्यंत देणं आहे.

तरीपण! अलोन्सोची बातमी आली तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि भावाला फोन केला. २०२५ ला ७५-८७, आमच्या गटात शेवटचा नंबर, त्याआधी कितीतरी हिवाळे आम्ही नुसत्या दुसऱ्यांच्या बातम्या वाचत काढले. पाचव्या वर्षी काय होईल ते पाचव्या वर्षी बघू.

ओकट्री

कॅम्डनकाठ, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. डेव्हिसच्या टाळ्यांचं ऐकून ती म्हणाली, अलोन्सोला पण असं झालं तर ते लोक टाळ्या वाजवतील ना? म्हटलं वाजवतील, अनुभव आहे त्यांना.

सातनंबर, तुमचं म्हणणं डोक्याला पटतंय. फ्लोरिडात पोर्ट सेंट लुसीला मेट्सचा सीझनआधीचा सराव कॅम्प सुरू झालाय, काल बिशेटचा बॅटिंगचा व्हिडिओ बघितला दोघांनी, दोनदा बघितला. हात मस्त चालतात पोराचे.

आता प्रत्येक टीम प्रत्येक टीमशी दरवर्षी खेळतेच, तेव्हा बाल्टीमोरशी गाठ पडणार हे तिने शोधून ठेवलंय. त्या दिवशी २० नंबरच घालणार म्हणते. पण काल जर्सी बाहेर काढली तर शेवटचं ओ पण सुटलेलं. आजोबा मार्चमध्ये येतायत, त्यांना फेविकॉलची बाटली आणायला सांगितलीय, या वेळी मोठी.