जुनी मोटरसायकल आणि न टिकणारे आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणे) : आपले अनुभव लिहा

भाच्याने नुकतीच कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाची) एक वापरलेली मोटरसायकल घेतली आहे. चोक (थंड इंजिनासाठी मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी खिटी) ओढला की ती लगेच सुरू होते आणि चोक बंद करताच मान टाकते. तिचा आवाज ऐकून माझी पहिली गाडी आठवली, कारण तिचेही दुखणे हेच होते. आधीच्या मालकाकडे माझी ती गाडी बराच काळ नुसती उभी होती. कार्बोरेटरचा बाउल (तळाची पेट्रोल साठणारी वाटी) उघडला तेव्हा तळाशी डिंकासारखा पिवळट थर बसलेला होता. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे राहिलेला हा थर सर्वांत आधी पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल पुरवणारी बारीक छिद्राची नळी) बुजवतो, कारण त्याचे छिद्र साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेट क्लीनरमध्ये भिजवून, उजेडासमोर धरल्यावर स्वच्छ गोल ठिपका दिसेपर्यंत हवा मारली, तेव्हा कुठे गाडी आयडलिंगवर शांतपणे चालू राहू लागली. आपणही असे काही निस्तरले असेल तर अवश्य लिहावे.

———

आमच्या गाडीची तक्रार नेमकी उलट होती. रेस सोडली तरी इंजिन चढ्या वेगावरच घोंघावत राही आणि बऱ्याच वेळाने खाली येई. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले. आवाज बदलला नाही, म्हणजे केबल ताणली जात नव्हती. मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला, तेव्हा आवाज क्षणभर बदलला. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या रबराला खालच्या बाजूने भेग गेली होती. तिथून जास्तीची हवा आत शिरत असताना स्क्रू कितीही फिरवले तरी आयडलिंग बसत नाही, म्हणून हा जोड आधी तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

———

गाडी थंड असताना उत्तम चालत असेल आणि तापल्यावर सिग्नलला बंद पडत असेल, तर टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली ठरावीक फट) पाहावेत. माझ्या गाडीत ही फट इतकी कमी झाली होती की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. थंड इंजिनावर, पुस्तिकेत दिलेल्या मापाने फट लावून घेतली आणि कार्बोरेटरला हातही लावावा लागला नाही.

———

वरील सर्व प्रतिसाद उपयोगी आहेत. बुजलेल्या जेटमध्ये बारीक तार घालून साफ केले तर चालते का?

———

शक्यतो घालू नये. जेट पितळेचे, म्हणजे मऊ असते. पोलादी तारेने छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते आणि मग जेट बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मिश्रणाच्या स्क्रूबाबतही एक सांगतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुधा हवा नियंत्रित करतो, त्यामुळे आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर ते घटते. स्क्रू सोडण्यापूर्वी तो हलकेच आत बसवून किती फेरे होता ते लिहून ठेवावे. तो जोराने आवळू नये, कारण त्याचे टोक नाजूक असते.

———

भाच्याला शुभेच्छा! पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी उभी करण्याची सवय त्याला आतापासूनच लावावी. माझ्या गाडीत फ्लोटची सुई (बाउल भरल्यावर पेट्रोल थांबवणारी झडप) झिजली होती आणि रात्रभर पेट्रोल झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरले. सकाळी डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत होता. ते ऑइल पातळ झालेले असल्याने बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. म्हणून सुई बदलून नवे ऑइल भरेपर्यंत मी इंजिन सुरू केले नाही. आपल्याही गाडीची डिपस्टिक एकदा हुंगून पाहावी.