मदत हवी आहे: ग्रिड मोठी केली की धूर दबतो

वेबजीएल २ वर (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) द्विमितीय धुराचं सिम्युलेशन लिहितोय. प्रवाहाच्या सिम्युलेशनची जॉस स्टॅमची १९९९ची पद्धत, सगळं फ्रॅगमेंट शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डवर दर पिक्सेलसाठी चालणारा छोटा प्रोग्राम). २५६×२५६ च्या ग्रिडला जेकोबीच्या (फेरीफेरीने दाब काढायची रीत) ४० फेऱ्यांत झकास चालतं. १०२४ ला मात्र धूर वाटेतल्या खांबाला वळसा घालायचा सोडून तिथेच स्पंजसारखा दबतो. डायव्हर्जन्स (सेलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या हवेतला फरक, जो शून्य हवा) रंगवून पाहिला, तर खांबाभोवती लालभडक! फेऱ्या २०० केल्या की सुधारतं, पण फ्रेमचे १६ मिलिसेकंद त्यातच संपतात. मागच्या फ्रेमचा दाब सुरुवातीला घेतला, फरक थोडाच. टेक्श्चर ३२ बिट फ्लोट आहे, टाइमस्टेपही कमी करून झाला. ब्राउझरमध्येच चालवायचंय, तेव्हा कृपया कुडा (एनव्हिडिया कार्डांसाठीची प्रोग्रामिंग प्रणाली) सुचवू नका.

मल्टिग्रिड (मोठ्या सेलच्या जाड ग्रिडवरही दाब काढून बारीक ग्रिडचं उत्तर लवकर सुधारायची रीत) लिहायला घेतलंय, तिथे अडलोय. जाड ग्रिडवर अर्धा खांब, अर्धी हवा असलेला सेल आला तर तो भिंत धरायचा की हवा?