दोन दिवसांत कोल्हापूर ‘झालं’ म्हणायचं का?

साडेआठची_लोकल (भांडुप):
ऑफिसच्या ग्रुपवर एकाने सोमवारी टाकलं, "कोल्हापूर झालं!" शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, रविवारी पन्हाळा-ज्योतिबा आणि रात्रीची गाडी. माझं म्हणणं, ह्याने कोल्हापूर पाहिलं नाही, दर्शन घेतलं आणि जेवला. मी मागच्या वर्षी कामासाठी नऊ दिवस तिथे अडकलो होतो. पहिले चार दिवस मीही हेच केलं. पाचव्या दिवशी जेवल्यावर कोणीतरी गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं, म्हैस समोर उभी, तिथल्या तिथे धार काढून ग्लास हातात, वर बोटभर फेस, कोमट. शेजारचे काका म्हणाले कुठल्या पेठेचा? म्हटलं भांडुपचा. तर म्हणे आसूदे, फुटबॉल कुठल्या तालमीचा बघता? मला वाटलं चेष्टा करतायत. तर खरंच तिथे कुस्तीच्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि मॅचला पेठाच्या पेठा स्टेडियमवर लोटतात. हे कुठल्या ‘टॉप टेन’मध्ये असतं सांगा.

दोन_पोरांची_आई (ठाणे):
अहो नऊ दिवस रजा देतं कोण? तुम्ही कंपनीच्या खर्चाने राहिलात म्हणून दूध प्यायलात. आम्ही दोन पोरं, एक सासूबाई आणि तीन बॅगा घेऊन जातो, रांगेत दोन तास जातात, त्यात आईंना अंबाबाई दिसली आणि पोरांना रंकाळ्यावर भेळ मिळाली की ट्रिप वसूल. आणि इतकी वर्षं मुंबईत राहून कान्हेरी लेणी किती जणांनी पाहिलीत हो? स्वतःचं गाव कळलेलं नसतं आणि दुसऱ्याला ‘झालं’ म्हणू नको म्हणायचं. जेवण ‘झालं’ म्हणतो तेव्हा स्वयंपाक कळला असं थोडंच असतं!

पेठेतला (गोरेगाव, मूळ शिवाजी पेठ):
ताईंचं बरोबर हाय. पन भावा, नऊ दिवसात तुला कट्टा कळला, गाव न्हाई. आमच्या आईला जुलैत फोन लावला की मी कसा हाय हे ती नंतर विचारती, आधी सांगती किती फूट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला गेली की इशारा, 43 ला धोका. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, त्याला सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपोआप उघडत्यात, मग सगळं शहर ‘किती उघडले’ एवढंच बोलतंय. 2019 ला आणि 2021 ला हायवे बंद पडला, मी इकडं गोरेगावात बसून फूट मोजत हुतो. राधानगरी बघितल्याशिवाय कोल्हापूर कळत न्हाई, आसपास बघा की जरा.

दोन_पोरांची_आई:
म्हणजे पावसात जायचं नाही, एवढं कळलं 😄 पण आसपासचं काय ते सांगा, पुढच्या वेळी पन्हाळा सोडून.

साडेआठची_लोकल:
खिद्रापूर. कोल्हापूरपासून साधारण 60 किमी, कृष्णाकाठी. कोपेश्वराचं देऊळ, शंकराचं असून समोर नंदी नाही. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आणि खाली बारा खांब गोलात. येताना नृसिंहवाडी.

गडवेडा (डोंबिवली):
पन्हाळा सोडून?? 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला होता त्या गडावर, महाराज भर पावसात रात्री निसटले विशाळगडाकडे. लोक पार्किंगपासून सज्जा कोठीपर्यंत चालतात, कणीस खातात आणि म्हणतात बघितला. एक गड नीट बघा, दहा ठिकाणं नकोत. खिद्रापूर पळून जात नाही.

दोन_पोरांची_आई:
पन्हाळा पण काही पळत नाहीये. सासूबाईंचे गुडघे बघून ठरवणार, खिद्रापूरच. आणि ते कच्चं दूध पोरांना द्यायचं की नाही? मी तर उकळूनच देणार.

पेठेतला:
उकळलेलं ठाण्यात पन मिळतंय की ताई.