मदत हवी आहे: तापाला दोनशे, दाढेला साडेअकरा हजार. असं का?

खाडीकाठ:
आम्ही चिपळूणला असतो. आईची खालची दाढ ठणकते आहे, गार पाणी लागलं की कळ मारते आणि रात्रीची झोप उडाली आहे. दंतवैद्यांनी एक्स-रे बघून दोन पर्याय दिले. रूट कॅनल ४,५०० आणि वर झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, पक्क्या सिरॅमिकची) कॅप ७,०००, नाहीतर दाढ काढून टाका, ८००. आमचे नेहमीचे डॉक्टर तापाला गोळ्यांसकट दोनशे घेतात. एवढी रक्कम लागते कशाला? मेडिक्लेममध्ये बसेल का? कॅप गणपतीनंतर बसवली तर चालेल? आसपास स्वस्तात कुठे होईल?

सडा:
दोनशेशी तुलनाच करू नका. ते दोनशे सल्ल्याचे. रक्त तपासलं तर लॅबचं बिल वेगळं, अपेंडिक्स निघालं तर सर्जनचं वेगळं. दातांच्या दवाखान्यात तपासणी, एक्स-रे, शस्त्रक्रिया, सामान, लॅब सगळं एकाच बिलात येतं, म्हणून आकडा अंगावर येतो. शिवाय जनरल डॉक्टर तासाभरात आठ-दहा पेशंट बघतात, तेवढ्या वेळात इथे एक दाढ अर्धी होते. मदतनीस, खुर्ची, कॉम्प्रेसर तोवर अडकून.

खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन कॅनल (मुळातल्या नसेच्या बारीक नळ्या) असतात, कधी चार. रूट कॅनल म्हणजे त्या साफ करून भरणं. आधी भूल, मग दाढेला वरून भोक. प्रत्येक कॅनलची लांबी एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राने) किंवा एक्स-रेवर मोजायची. मग केसासारख्या बारीक फाइलींनी आतून घासायचं आणि दर फाइलनंतर सोडियम हायपोक्लोराइटने (जंतू मारणाऱ्या द्रावाने) धुवायचं. मशीनवर चालणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइली वाकून वाकून थकतात आणि कॅनलच्या वळणावर तुटतात. म्हणून त्या ठरावीक वेळा वापरून फेकाव्या लागतात. जिथे दर फारच कमी असतो तिथे काटछाट इथेच झालेली असू शकते. शेवटी कॅनल कोरडे करून रबरासारखा गटापर्चा भरतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात. एखादा कॅनल सुटला तर काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, आणि तीच दाढ उघडून पुन्हा करायला पहिल्यापेक्षा जास्त पैसे पडतात.

खाडीकाठ:
समजलं. मग ८०० मध्ये काढून टाकणं शहाणपणाचं नाही का? अक्कलदाढ नाही, तिच्या दोन पुढची आहे.

पाणंद:
अक्कलदाढ असती तर खुशाल काढा म्हटलं असतं. ही चावायची मुख्य दाढ. ती गेली की मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, वरची खाली उतरते आणि फटीत अन्न अडकायला लागतं. नंतर ब्रिज (शेजारच्या दाढांवर टेकवलेला पक्का दात) बसवायचा तर शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतात आणि तीन कॅपचे पैसे मोजावे लागतात. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून लावलेला दात) त्याहून महाग. काढता-घालता येणारा दात स्वस्त पडतो, पण त्याने सुपारी सोडाच, चपातीही धड चावत नाही. मात्र दाढ हिरडीखाली चिरली असेल तर रूट कॅनलवर पैसा घालू नका, काढाच. हे एक्स-रेत नेहमी दिसत नाही, म्हणून सरळ विचारा.

आणि कॅप पुढे ढकलू नका. पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ होतात. चावताना ती उभी चिरली की वाचत नाही, आधीचे साडेचार हजारही पाण्यात. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजून गळायला लागतं. परवडत नसेल तर झिरकोनियाऐवजी मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) घ्या, मागच्या दाढेला चालते.

हवाबंद:
यंत्रांच्या बाजूने थोडं. दात कोरणाऱ्या हँडपीसची टर्बाइन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते आणि ती कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेवर चालते. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली की टाकीत पाणी साचतं. रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडून ते काढलं नाही तर बेअरिंगला गंज लागतो, खारी हवा त्यात भर घालते. मग अख्खं कार्ट्रिज (टर्बाइन-बेअरिंगचा संच) बदला. ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने १५ ते २० मिनिटं चालवायचा, त्यात बोअरचं पाणी चालत नाही, क्षार धरतात. वीज गेली की सायकल पहिल्यापासून. हे सगळं त्या बिलात वाटलं जातं. अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फाडतात का, एवढं तरी बघा.

रापण:
मेडिक्लेमची फार आशा धरू नका. साध्या पॉलिसीत दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात. अपघातात जबडा किंवा दात तुटून रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच बसतं. ओपीडी कव्हर (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं) वेगळं घेतलं असेल तर पॉलिसीच्या कागदात दातांचा उल्लेख शोधा.

तुम्हाला खेड जवळ. तिथल्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, दर कमी पण फेऱ्या जास्त. उपजिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात दात काढणं, सिमेंट भरणं नाममात्र पैशांत होतं, पण कॅप सहसा मिळत नाही. मुंबईत नातेवाईक असतील तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय. सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जातात. पण एसटीचं भाडं आणि बुडालेले दिवस धरून हिशेब करा, तीन-चार फेऱ्यांत वाचलेले पैसे बरेचसे संपतात.

खंय पण जावा, पयलो प्रश्न ह्योच इचारा: आकडो कॅप धरून की सोडून?

खाडीकाठ:
आभारी आहे सगळ्यांचा. नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय, त्याने ठणका उतरला तर थांबावं का?

सडा:
नको. नस मेली की ठणका आपोआप थांबतो, दुखणं बरं झालं असं त्यावरून धरू नका. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे गोळी तिथे पोचतच नाही. जंतू मुळाच्या टोकाशी काम करत राहतात.

जाताना आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. भूल दोन-तीन तास राहते, म्हणून जेवून जा. आल्या आल्या चहा देऊ नका, ओठ भाजला तरी कळत नाही.